पाण्याकडे तोंड केलेली गावं

उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराकाठी मोटारीनं फिरलं, तर गावांची फक्त पाठ दिसते. अरुंद रस्ता, एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला घरांच्या मागच्या भिंती आणि मध्येच एखादा बोगदा. गाव आलं कधी आणि गेलं कधी, हे कळतही नाही. तेच गाव बोटीतून समोर आलं, की त्याची सगळी रचना उलगडते. पुढे दगडी धक्का, धक्क्याला लागून कमानींची ओसरी, तिच्यामागे एकमेकांना चिकटलेली उंच घरं, घरांच्या फटींतून डोंगराकडे चढत जाणाऱ्या पायऱ्यांच्या गल्ल्या आणि या सगळ्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. या गावांची तोंडं पाण्याकडे आहेत, कारण शतकानुशतकं पाणी हाच इथला हमरस्ता होता. पूर्वेच्या किनाऱ्यावरून लेक्को ते कोलिको असा सलग गाडीरस्ता झाला तो एकोणिसाव्या शतकात, मिलानवर ऑस्ट्रियाचं राज्य असताना. तोवर माणूस असो की मीठ, संगमरवर असो की सैन्य, सगळं पाण्यावरूनच जायचं.

आपल्याकडे या सरोवराचं नाव घरोघरी पोहोचलं ते नोव्हेंबर २०१८ मध्ये. दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न इथल्या व्हिला देल बाल्बियानेल्लोमध्ये झालं, त्यातही पहिला सोहळा कोकणी पद्धतीनं. ते फोटो पाहिलेल्यांच्या मनात कोमो म्हणजे श्रीमंतांच्या बागा आणि मागे निळं पाणी, एवढंच चित्र बसलं. चित्र खोटं नाही, पण फार अपुरं आहे. ज्या गावांनी वल्ही मारली, दगड फोडले, मासे सुकवले, रेशीम काढलं आणि प्रसंगी एकमेकांची घरं जाळली, ती गावं त्या बागांच्या कुंपणाला लागूनच उभी आहेत. त्यांच्याकडे बघायला हवं.

आधी पाण्याविषयी थोडं. आल्प्समधून खाली सरकणाऱ्या हिमनदीनं ही दरी कोरली आणि बर्फ वितळल्यावर तिथे पाणी साठलं. सरोवराचा आकार उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा. उत्तरेकडून आलेला एक फाटा मध्यावर दुभंगतो. नैर्ऋत्येच्या पायाच्या टोकाला कोमो शहर, आग्नेयेच्या पायाच्या टोकाला लेक्को. दोन पायांमध्ये डोंगराचं जे टोक पाण्यात घुसलं आहे, त्यावर बेल्लाजिओ. क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाही. खोली मात्र ४०० मीटरहून जास्त. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर उंच आहे, हे लक्षात घेतलं तर सरोवराचा तळ समुद्राच्या पातळीच्याही बराच खाली जातो. एवढं खोल पाणी उन्हाळ्यात घेतलेली ऊब हिवाळाभर हळूहळू सोडत राहतं. म्हणून मागे बर्फाची शिखरं दिसत असताना काठावर लिंबू आणि ऑलिव्ह तग धरतात.

आद्दा नदी उत्तरेला कोलिकोजवळ सरोवरात शिरते आणि लेक्कोपाशी बाहेर पडते. कोमोच्या फाट्याला बाहेर जायला वाटच नाही. पाऊस लागला आणि डोंगरातलं पाणी उतरलं, की ते कोमोच्या मुख्य चौकात चढतं. त्या चौकाच्या, पियाझ्झा काव्हूरच्या जागी पूर्वी बंदर होतं; एकोणिसाव्या शतकात ते बुजवून चौक केला. बुजवलेल्या बंदरात पाणी परत येणारच! पुरापासून बचावासाठी २००८ मध्ये बांधकाम सुरू झालं, आणि भिंतीमुळे सरोवर दिसेनासं होतंय म्हटल्यावर कोमोकर खवळले. शहराला पूर एक वेळ चालेल, पण सरोवराशी नजरानजर तुटलेली चालणार नाही, असा तो राग होता, आणि मला तो पूर्ण पटतो.

पाण्याच्या या रस्त्याला वाऱ्याचं वेळापत्रक होतं. शाळेच्या भूगोलात पर्वतीय वारे आणि दरीय वारे शिकवतात, त्याचं जिवंत उदाहरण इथे रोज बघायला मिळतं. रात्रभर थंड झालेली हवा पहाटे डोंगरातून दक्षिणेकडे उतरते, तो ‘तिव्हानो’. दुपारकडे उतार तापून हवा वर चढू लागली, की सपाटीवरची हवा सरोवरावरून उत्तरेकडे ओढली जाते, ती ‘ब्रेव्हा’. नावाड्यांचा दिवस याच दोन वाऱ्यांवर चालायचा. ‘कोम्बाल्लो’ नावाची सपाट तळाची मालवाहू होडी आणि तिचं एकच मोठं चौकोनी शीड. ती पहाटे तिव्हानोवर दक्षिणेला सुटायची आणि दुपारच्या ब्रेव्हावर उत्तरेला परतायची. उत्तरेच्या टोकापासून पुढे आल्प्सच्या खिंडी आणि त्यांपलीकडे जर्मन मुलूख. दक्षिणेच्या टोकापासून पुढे मिलान. या व्यापारी वाटेचा पाण्यावरचा टप्पा ज्याच्या ताब्यात, त्याला जकात मिळणार. इथल्या बहुतेक लढायांचं मूळ शोधत गेलं, तर ते या साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतं.

कोमोपासून सुरुवात करावी, कारण मिलानहून आगगाडी थेट तिथे पोहोचवते. इसवी सन पूर्व ५९ मध्ये ज्युलिअस सीझरनं इथे नवी वसाहत आखली आणि तिला ‘नोव्हम कोमम’ नाव दिलं. जुन्या शहरातले रस्ते आजही काटकोनात एकमेकांना छेदतात, ती रोमन आखणी. या गावानं जगाला दोन प्लिनी दिले. थोरला प्लिनी, ‘नैसर्गिक इतिहास’ हा अवाढव्य ग्रंथ लिहिणारा, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्या ग्रंथात मोसमी वाऱ्यांवर हिंदुस्थानला जाणाऱ्या जहाजांचं वर्णन आहे, आणि हिंदुस्थानचा माल घेण्यात रोमन साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स खर्ची पडतात अशी तक्रारही. त्यात त्यानं ‘सिगेरस’ नावाचं एक पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर सांगितलं आहे. काही अभ्यासक ते कोकणात, जयगडच्या आसपास असावं असं मानतात. रोमच्या तिजोरीची काळजी करताना कोकण किनाऱ्याची दखल घेणारा हा माणूस या सरोवराकाठी जन्मला होता, हे मराठी वाचकानं कोमोच्या चौकात उभं राहून आठवावं असं आहे.

मला जास्त जवळचा वाटतो तो त्याचा भाचा, धाकटा प्लिनी. वकील, मोठा अधिकारी आणि अप्रतिम पत्रलेखक. त्याचे सरोवराकाठी अनेक बंगले होते, त्यांतल्या दोन बंगल्यांना त्यानं ‘शोकांतिका’ आणि ‘सुखांतिका’ अशी नावं दिली. एक उंच कड्यावर, म्हणजे शोकनाट्यातल्या नटाच्या उंच टाचांच्या पायताणांवर उभा. दुसरा पाण्यालगत, सपाट चपलांवर. वरच्यातून खालचे कोळी दिसायचे. खालच्यातून खोलीत बसून, जवळजवळ बिछान्यावरूनच, गळ टाकता यायचा. ते बंगले नक्की कुठे होते, यावर सरोवराकाठची गावं आजही आपापला हक्क सांगतात.

पण त्याचं मोठेपण दुसऱ्याच पत्रात दिसतं. इतिहासकार टॅसिटसला त्यानं कळवलं होतं, की कोमोतला एक मुलगा शिकायला मिलानला जातो हे ऐकून आपण त्याच्या वडिलांना कारण विचारलं. गावात शिक्षकच नाहीत, हे उत्तर. प्लिनीनं शिक्षकांच्या पगाराचा एक तृतीयांश वाटा देऊ केला. सगळाच खर्च का उचलला नाही? त्याला तेवढं परवडत होतं. पण सार्वजनिक पैशातून शिक्षक नेमले, की नेमणुकीत वशिलेबाजी शिरते, हे त्यानं पाहिलं होतं. पालकांचे पैसे गुंतले, तरच ते योग्य माणूस निवडतील असा त्याचा हिशोब. यावर वाद घालता येईल, पण शाळा चालते कशी आणि बिघडते कुठे, याचा इतका रोखठोक विचार एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणी करत होतं. त्यानं शहराला ग्रंथालयही दिलं.

कोमोच्या कॅथिड्रलच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या दोन बाजूंना, संतांच्या जागी हे दोन प्लिनी बसवले आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीचं हे काम. चर्चच्या दारात दोन अख्रिस्ती रोमन! गावानं आपल्या विद्वानांना धर्माच्या आड येऊ दिलं नाही, की धर्माला विद्वानांच्या. कॅथिड्रलचं बांधकाम १३९६ मध्ये सुरू झालं आणि घुमट पुरा व्हायला अठरावं शतक उजाडलं. त्याचा संगमरवर उत्तरेकडच्या मुस्सो गावच्या खाणीतून आला, अर्थातच होड्यांमधून.

या गावचा तिसरा सुपुत्र अलेस्सांद्रो व्होल्टा, जन्म १७४५. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, असे थर रचून त्यानं १७९९ मध्ये पहिली विद्युत घटमाला बनवली आणि १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवून ती जगासमोर ठेवली. सरोवराच्या काठावर त्याचं स्मारक-संग्रहालय आहे, त्याच्या मृत्यूच्या शताब्दीला १९२७ साली बांधलेलं. १८९९ मध्ये त्याच्या शोधाच्या शताब्दीनिमित्त कोमोत प्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शनाला आग लागून व्होल्टाची बरीचशी मूळ उपकरणं जळाली. म्हणून आज जे दिसतं, त्यात प्रतिकृतीही बऱ्याच आहेत.

आणि रेशीम. कोमोचं नाव कपड्याच्या व्यापारात रेशमासाठी घेतलं जातं, ते आजही. आता सगळे त्याकडे ‘फॅशन’ म्हणून बघतात. पण हा धंदा उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या घरात. तुतीची पानं तोडायची, किड्यांना रात्रंदिवस चारायची, खोली उबदार ठेवायची. अंडी उबवायला बायका ती पुरचुंडीत बांधून अंगाशी धरत. पुढे कोष गिरणीत जात आणि तिथे बायका आणि लहान मुली कढत पाण्याच्या टोपात हात घालून कोषाचं सुरुवातीचं टोक शोधत. हात सोलून निघत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेशीमकिड्यांवर रोगाची साथ आली आणि लोंबार्दीचे व्यापारी निरोगी अंडी आणायला थेट जपानपर्यंत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर किडे पाळणं जवळजवळ संपलं. आता कच्चं रेशीम मुख्यतः चीनमधून येतं. कोमोत होतं ते रंगकाम, छपाई आणि शेवटचा हात. त्यासाठी १८६८ पासून इथे रेशीम शिकवणारी शाळा आहे. यातली यंत्रं बघायची तर कोमोतलं रेशीम संग्रहालय आहेच, पण पूर्व किनाऱ्यावर अब्बादिया लारियानात १८१८ चं गोल, घराएवढं उंच पीळयंत्र जपलं आहे, ते चुकवू नये.

कोमोहून बोट निघाली, की पश्चिमेला चेर्नोब्बिओ येतं. सोळाव्या शतकात कार्डिनल गाल्लिओनं बांधलेला व्हिला देस्ते इथला. १८७३ पासून ते हॉटेल आहे. समोरच्या काठावरच्या तोर्नोजवळ व्हिला प्लिनियाना आहे. तिथे भरती-ओहोटीसारखा चढत-उतरत वाहणारा झरा आहे आणि धाकट्या प्लिनीनं त्याचं कोडं एका पत्रात मांडलं होतं. पुढे नेस्सोला डोंगराच्या घळीतून धबधबा गावाच्या मधोमध कोसळतो आणि त्यावर एक कमानदार दगडी पूल आहे. मग पश्चिम किनाऱ्याजवळ, काठापासून हाकेच्या अंतरावर, सरोवरातलं एकमेव बेट दिसतं: इसोला कोमाचिना. बोटीतून उतरून वेळ द्यायचा असेल, तर इथे द्यावा.

बेट जेमतेम सहाशे मीटर लांब. आज त्यावर झाडी, थोडे भग्न पाये, एक लहान चर्च, काही कलावंतांची घरं आणि एक खानावळ. पण सहाव्या शतकात उत्तरेकडून लोम्बार्ड टोळ्या इटलीत घुसल्या, तेव्हा बायझंटाईन सेनापती फ्रान्सिओ याच बेटावर पाय रोवून उभा राहिला. सगळा मुलूख गेला तरी बेट टिकलं. अखेर लोम्बार्ड राजा ऑथारीनं सहा महिने वेढा घातला, तेव्हा फ्रान्सिओनं बेट सोडलं आणि त्याला बायकोसह राव्हेन्नाला जाऊ दिलं गेलं. भोवतालच्या शहरांनी आपली संपत्ती सांभाळायला इथे आणून ठेवली होती, असं जुने बखरकार सांगतात.

मग बारावं शतक. कोमो आणि मिलान यांच्यात १११८ ते ११२७ असं दहा वर्षांचं युद्ध झालं. बेटानं मिलानची बाजू घेतली. अगदी शेजारचं गाव, पण परक्यांच्या बाजूला गेलेलं. हा डंख कोमो विसरलं नाही. युद्धात कोमो बेचिराख झालं. पुढे जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा मिलानचा वैरी म्हणून आला. त्यानं कोमोला पुन्हा उभं केलं आणि मिलान पाडलं. कोमोला आता मोकळं रान मिळालं होतं. ११६९ मध्ये त्यांनी बेटावर चाल केली आणि तिथलं सगळं जाळलं, पाडलं, चर्चसुद्धा सोडली नाहीत. पुन्हा इथे काही बांधायचं नाही, असा सम्राटाचा हुकूमही झाला. इथे पुन्हा घंटा वाजणार नाही, दगडावर दगड चढणार नाही, कुणी खानावळ चालवणार नाही, असा शाप कोमोच्या बिशपनं दिला, अशी आख्यायिका आहे. आजच्या खानावळीत जेवणाच्या शेवटी घंटा बडवून, विस्तवावर मद्य ओतून त्या शापाचा उतारा काढण्याचा सोहळा होतो.

वाचलेले लोक होड्यांतून समोरच्या काठाला, वारेन्नाला गेले. आणि बेटाची आठवण काठावरच्या लोकांनी सोडली नाही. दरवर्षी जूनच्या अखेरीला, संत योहानाच्या सणाला, गोगलगाईच्या रिकाम्या शंखांत तेल-वात घालून हजारो दिवे पाण्यात सोडतात. त्यांना ‘लुमागित्त’ म्हणतात. रात्री बेटावर आतषबाजी होते, म्हणजे ते जळणं पुन्हा उभं करतात. दुसऱ्या दिवशी होड्यांची मिरवणूक बेटावर जाते आणि भग्न चर्चमध्ये प्रार्थना होते. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या पराभवाचा सण, आणि तो साजरा करणाऱ्यांत जिंकलेल्यांचेही वंशज असणारच.

बेटासमोरच्या ओस्सुच्चोच्या डोंगरावर सतराव्या शतकातली चौदा छोटी मंदिरवजा चर्च आहेत. प्रत्येकात येशूच्या कथेतला एकेक प्रसंग माणसाएवढ्या मातीच्या मूर्तींनी उभा केलेला. वाचता न येणाऱ्या यात्रेकरूनं चढण चढत जावं आणि गोष्ट बघत जावी, अशी ती योजना. २००३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. खाली लेन्नोच्या टोकावर तो लग्नाचा बाल्बियानेल्लो. कार्डिनल दुरिनीनं १७८७ च्या सुमारास बांधलेला. त्याचा शेवटचा मालक ग्विदो मोन्झिनो यानं १९७३ मध्ये एव्हरेस्टवर पहिली इटालियन मोहीम नेली होती. वाड्यात त्याच्या मोहिमांचं सामान ठेवलं आहे आणि त्यानं मृत्युपत्रात सगळी वास्तू राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. पुढे त्रेमेत्सोचा व्हिला कार्लोत्ता, त्याची बाग एप्रिल-मे महिन्यांत अझेलियांनी पेटलेली असते.

बेल्लाजिओ सगळ्यांत प्रसिद्ध, म्हणून सगळ्यांत गर्दीचं. तिथल्या पायऱ्यांच्या गल्ल्या सकाळी आठच्या आत बघाव्यात. त्या गर्दीच्या वर झाडीत व्हिला सेर्बेल्लोनी आहे; १९५९ पासून तो अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनकडे आहे आणि जगभरचे अभ्यासक तिथे बसून काम करतात. एप्रिल १९६९ मध्ये इथे शेती-संशोधनाला पैसा कसा पुरवायचा यावर देणगीदारांची बैठक झाली. त्या बोलण्यांतून १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी संशोधनाचा सल्लागार गट उभा राहिला, आणि त्या गटानं १९७२ मध्ये पहिली नवी संस्था काढली ती हैदराबादजवळ: ‘इक्रिसॅट’. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिकं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कामाचं संशोधन जिथे होतं, त्या संस्थेचा धागा या टेकडीवरच्या बंगल्यापर्यंत जातो.

बेल्लाजिओहून छोट्या फेरीबोटीनं वारेन्ना. काठावरची सगळी गावं बघायला वेळ नसेल आणि एकच निवडायचं असेल, तर मी हे निवडेन. मिलानहून इथे सरळ आगगाडीही येते. काळ्या संगमरवराच्या खाणींचं हे गाव. चर्चच्या दर्शनी भिंतीवर संत ख्रिस्तोफरचं भलंमोठं चित्र आहे. तो प्रवाशांचा रक्षक. ज्या दिवशी त्याचं दर्शन घडेल, त्या दिवशी अपमृत्यू येत नाही, असा मध्ययुगीन समज होता. म्हणून चित्र इतकं मोठं. व्हिला मोनास्तेरो हा पूर्वीचा जोगिणींचा मठ. पाण्याकाठची त्याची बाग जवळजवळ दोन किलोमीटर लांब. १९५३ पासून इथे इटालियन भौतिकशास्त्र परिषदेची उन्हाळी शाळा भरते. १९५४ मध्ये एनरिको फर्मीनं इथे व्याख्यानं दिली. त्याच नोव्हेंबरात तो गेला आणि शाळेला त्याचं नाव दिलं. गावाबाहेर फ्युमेलात्ते आहे, जेमतेम अडीचशे मीटर लांबीची नदी. दुधासारखी फेसाळत वसंतात अचानक सुरू होते आणि शरदात आटते. लिओनार्दो दा विंचीनं तिची नोंद करून ठेवली आहे.

याच पट्ट्यात ‘मिसोल्तीनी’ खायला मिळतात. आगोने नावाचा चपटा, चंदेरी मासा वसंताच्या शेवटी काठाकडे येतो. पोट साफ करून तो काही दिवस मिठात ठेवतात, मग दोऱ्यावर ओवून उन्हात-वाऱ्यात सुकवतात. नंतर पत्र्याच्या गोल डब्यात मासे चक्राकार रचायचे, प्रत्येक थरावर तमालपत्राच्या जातीची पानं घालायची, आणि वरून दाब द्यायचा. दाबामुळे तेल सुटून वर येतं. ते काढत राहायचं. असा मासा महिनोन्महिने टिकतो. खायच्या वेळी निखाऱ्यावर भाजून, व्हिनेगर शिंपडून, मक्याच्या पोलेंतासोबत. चव खारट, उग्र, सुक्या बांगड्यावर वाढलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटणारी. किनाऱ्याच्या हॉटेलांत पर्यटकांना पास्ता देतात. हा मासा मागून घ्यावा लागतो.

दक्षिणेला मांदेल्लो. इथे १९२१ पासून ‘मोटो गुत्झी’ मोटारसायकली बनतात. सरोवराकाठच्या कामगार-गावांचा तो अभिमान. मग लेक्को, लोखंडाचं आणि तारेच्या कारखान्यांचं शहर. कादंबरीकार अलेस्सांद्रो मांझोनीचं बालपण इथे गेलं. त्याची कादंबरी ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ इथेच सुरू होते. १८२७ मध्ये आली आणि १८४० ते ४२ मध्ये त्यानं ती फ्लॉरेन्सच्या बोलीच्या अंगानं पुन्हा लिहिली. आजच्या प्रमाण इटालियनला घडवण्यात त्या पुनर्लेखनाचा वाटा मोठा. कादंबरीतली लुचिया रात्री होडीतून गाव सोडून पळते. तीन लाकडी कमानी आणि त्यांवर कापड टाकलेल्या इथल्या मासेमारी होडीला लोक आज ‘लुचिया’च म्हणतात.

उत्तरेकडचा फाटा पर्यटक टाळतात, आणि इतिहास तिथेच सगळ्यांत खरखरीत आहे. मुस्सोच्या कड्यावरच्या किल्ल्यातून सोळाव्या शतकात जान जाकोमो मेदिची, टोपणनाव ‘इल मेदेगीनो’, यानं सरोवर दहशतीत ठेवलं. स्वतःचं आरमार, स्वतःची जकात. १५३२ मध्ये पैसे आणि जहागीर देऊन त्याला तिथून उठवावं लागलं आणि किल्ला पाडला गेला. त्याचा सख्खा भाऊ पुढे पोप झाला, चौथा पायस. पलीकडे दोंगो: २७ एप्रिल १९४५ रोजी जर्मन सैनिकाचा कोट घालून लष्करी ट्रकमध्ये बसलेल्या मुसोलिनीला इथे बंडखोर पार्टिझनांनी पकडलं. दुसऱ्या दिवशी त्याला सरोवराकाठीच, मेझ्झेग्राच्या जुलिनो वस्तीत, गोळ्या घातल्या. दोंगोच्या पालाझ्झो मान्झीमध्ये त्या दिवसांचं संग्रहालय आहे.

ग्रावेदोनाला अगदी पाण्याच्या काठावर बाराव्या शतकातलं सांता मारिया देल तिल्यो हे चर्च आहे. मुस्सोचा पांढरा संगमरवर आणि ओल्चोचा काळा दगड, यांचे आडवे पट्टे एकावर एक चढवून भिंती उभ्या केल्या आहेत. मनोरा वेगळा नाही. दर्शनी भिंतीतूनच वर निघतो, खाली चौकोनी आणि वर अष्टकोनी. लोम्बार्ड राजा रोथारीच्या ६४३ च्या कायद्यात ‘माजिस्त्री कोमाचिनी’ नावाच्या गवंड्यांचा उल्लेख येतो. या भागातल्या पाथरवटांना पुढे शतकानुशतकं युरोपभर मागणी होती. त्यांचा हात काय होता, हे या काळ्या-पांढऱ्या भिंतीजवळ जाऊन, दोन दगडांमधली फट बोटानं चाचपली की कळतं.